कोकम, नग दोन

माझ्या बागेचा नकाशा मी स्वतः काढला. एकास पन्नास प्रमाणात, ट्रेसिंग पेपरवर, उत्तर दिशेच्या बाणासकट. त्यात पश्चिमेला, जिथे बंडूजींच्या कंपाउंडची भिंत आहे तिथे, निळ्या शाईने ‘समुद्र’ असं लिहिलं. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आरेखक म्हणून घासली असल्यामुळे, जे जागेवर नाही ते नकाशात दाखवायचा मला संकोच वाटत नाही. तेव्हा वर्ध्याजवळच्या आमच्या पिपरी मेघेत एक समुद्र काढला तर कोणाच्या पोटात दुखायचं काही कारण नव्हतं.

बंडूजींच्या दुखलं. बंडूजी आमचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गाडी सुटली तरी माणसाची शिटी सुटत नाही, तसे ते दिवसभर गल्लीला सूचना देत असतात. त्यांनी नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि म्हणाले, "श्रावणभाऊ, समुद्र तुमचा आन् भिंत माही. उद्या ओल आली तं मी कोनाले धरू?"

आता हा खटाटोप कशासाठी, तर आमच्या इवायासाठी. इवाई म्हणजे व्याही. आमची वर्षाली पुण्यात नोकरी करते आणि तिने तिथलाच एक मुलगा पसंत केला. तो निघाला कोकणातला. त्याचे वडील प्रभाकरराव. घराच्या मागे समुद्र आणि घर व समुद्र यांच्या मधे बाग. कोकम, मिरी, जायफळ, नीरफणस, व्हॅनिलाची वेल. लग्नानंतर आम्ही नवराबायको तिथे गेलो तेव्हा त्यांनी मला दोन तास बागेत फिरवलं आणि एकेका झाडाची अशी ओळख करून दिली की मी दोनदा झाडाला नमस्कार करता करता थांबलो. शेवटी मीही माणूस आहे. मी म्हणालो, आमच्या वर्ध्यातही झाडं पुष्कळ आहेत. त्यावर सुपारी कातरत, अगदी प्रेमाने, ते म्हणाले, "झाडं असतील हो श्रावणराव. बाग नसेल."

आणि माझी बायको हसली. व्याही हसले असते तर मी ते मुलीचा बाप म्हणून गिळलं असतं. पण एकतीस वर्षं संसार केलेली अन्नपूर्णा परक्याच्या ओसरीवर बसून मला हसते म्हणजे काय. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की पिपरीत याल तेव्हा माझ्या झाडाच्या कोकमाची सोलकढी पाजीन, तीही शुद्ध सेंद्रिय. सेंद्रिय हा शब्द मी का जोडला ते मलाही माहीत नाही. रागात माणूस एखादा शब्द जास्तच बोलून जातो आणि मग तोच शब्द त्याला पुरून उरतो.

येताना मी तिथल्या रोपवाटिकेतून कोकमाचं तीन वर्षांचं कलम आणलं, शिवाय नीरफणस, जायफळ, मिरी आणि व्हॅनिला. रेल्वेत ही सगळी मंडळी खिडकीजवळ बसली आणि अन्नपूर्णा वर्ध्यापर्यंत बॅगेवर बसून आली. ती हे अजूनही विसरलेली नाही आणि कोणाला विसरूही देत नाही.

पहिल्याच एप्रिलमध्ये जायफळ गेलं. कोणाला काही न सांगता, एका दुपारीत. मेमध्ये पारा शेहेचाळीसवर गेला तेव्हा व्हॅनिला गेली. नीरफणसाने सगळी पानं टाकली आणि नुसता दांडा उभा राहिला. त्यावर अन्नपूर्णा पायपुसणं वाळत घालू लागली. सल्ला द्यायला सगळी पिपरी येऊन गेली. एकाने सांगितलं मोसंबी लावा, दुसऱ्याने सांगितलं मोसंबी अजिबात लावू नका. या दोघांचं माझ्याच अंगणात भांडण झालं आणि ते सोडवताना मिरीची कुंडी फुटली. कोकम तेवढं जिद्दीने उभं होतं, पण त्याची पानं कडेने करपत चालली होती. त्याला हवी होती समुद्रावरची ओली हवा. ती मी आणली. आमच्या झोपायच्या खोलीतला कूलर उचलून बागेत हिरव्या जाळीखाली, नकाशाप्रमाणे पश्चिमेला, ठेवला आणि कोकमाकडे तोंड करून सुरू केला.

वर्ध्यात उन्हाळ्यात दुसऱ्याचा कूलर हा मोठा जिव्हाळ्याचा विषय आहे. कोणाच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या, कोणाच्या पंपाला किती पाणी चढतं, याची खडान्‌खडा माहिती लोकांना असते. त्यामुळे झाडाला कूलर आणि बायकोला पंखा ही बातमी संध्याकाळपर्यंत सेवाग्रामच्या फाटकापर्यंत पोचली. लोक पाहायला येऊ लागले. अन्नपूर्णा त्यांना चहा द्यायची आणि वर सांगायची, "झाड होऊन जन्माले याचं होतं, चुकलंच माहं."

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, समुद्राची हवा नुसती ओली नसते, खारी असते. मी कूलरच्या टाकीत दोन किलो खडे मीठ टाकलं. तिसऱ्या दिवशी पंप जाम झाला. चौथ्या दिवशी कूलरच्या पत्र्याला करंट येऊ लागला आणि मला त्याने असा झटका दिला की माझी चप्पल समुद्रात, म्हणजे बंडूजींकडे, पडली. ती आणायला गेलो तर त्यांच्या भिंतीलगतचा सांबाराचा वाफा कूलरमधून झिरपलेल्या मिठाने पांढराफटक. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो आणि तिच्याशिवाय आमच्याकडे एकही भाजी पूर्ण होत नाही, हे ध्यानात घेतलं म्हणजे बंडूजींच्या बायकोने मला काय काय म्हटलं असेल ते कळेल. बंडूजी मात्र शांतपणे म्हणाले, "आला म्हना समुद्र."

मीठ बंद केलं, नवा पंप बसवला, आणि दुसऱ्या हिवाळ्यात कोकमाला फुलं आली. फेब्रुवारीत सात फळं धरली. सात. मी रोज सकाळी ती मोजायचो. त्याच सुमारास पुण्याहून वर्षालीचा फोन आला की तिला दिवस गेले आहेत, मेमध्ये सातवा लागेल, डोहाळजेवण माहेरी पिपरीतच करायचं आणि सासूसासरे मुद्दाम येणार आहेत. आजोबा होणार म्हणून मला अर्थातच आनंद झाला. पण खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की कोकम मेमध्येच पिकतं.

आता राहिला होता सेंद्रिय हा शब्द. त्याचा दाखला मिळवायला मी शेतीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या समीक्षा मॅडम फार भल्या. त्यांनी संगणकावर अर्ज उघडला. आमच्या जिल्ह्याच्या पिकांच्या यादीत कोकम नव्हतं.

"काका, कापूस लिहू का? कापूस चालते."

"मॅडम, ते कोकम आहे."

"मले दिसते हो काका. पोर्टलले नाई दिसत."

पुढे सातबारा मागितला. माझा प्लॉट अकृषक, घरासाठीचा. मॅडम म्हणाल्या, या जागेवर शेती होऊ शकत नाही. मी म्हणालो, झालेली आहे, सात फळं आहेत. त्यावर त्या खूप समजुतीने म्हणाल्या की झाली असली तरी होऊ शकत नाही. शिवाय मीच हे लेखी दिलं असतं तर राहत्या प्लॉटवर पीक का घेतलं म्हणून दुसऱ्या टेबलावरून विचारणा झाली असती. मी अर्ज परत घेतला. चौतीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो होतो, म्हणून मला त्यांचा राग आला नाही. स्वतःचा थोडा आला.

मार्चमध्ये कोकमाची पानं पिवळी पडली. मोबाइलवर एक माणूस सांगत होता की किनाऱ्याकडच्या बागांना मासळीचं खत लागतं: एक भाग मासळी, एक भाग गूळ, ड्रममध्ये बंद करून चाळीस दिवस सडू द्यायचं आणि मग पाण्यात चमचा चमचा घालायचं. मी बाजारात जाऊन समुद्रातली मासळी मागितली. विकणारी बाई म्हणाली, सारी धरणातलीच आहे. झाडासाठी हवी म्हटल्यावर तिने मला नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "झाडाले का समजते, भाऊ?" मी पाच किलो मुंडकी-आतडी घेतली आणि पाच किलो काळा गूळ. आमच्या घरात मासळी येत नाही. म्हणून अन्नपूर्णेला सांगितलं की ड्रममध्ये गोमूत्र आहे आणि तो न्हाणीघराच्या मागे, जिथे ती जात नाही, तिथे ठेवला. तेहतीस वर्षांत मी तिच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं नव्हे, पण पन्नास लिटरचं पहिलंच.

आता आमचा जिल्हा दारूबंदीचा, हे कोणाला सांगायला नको. आणि बंदी आहे म्हणूनच आमच्याकडे कोणाच्याही परसात झाकलेला ड्रम दिसला की लोकांचं नाक आधी वर जातं. गूळ, मोहफूल, पाणी सडत घातलं की त्याला सडवा म्हणतात आणि त्याचीच पुढे गावठी होते. आमच्या वॉर्डात बायकांचं दारूबंदी मंडळ आहे. ते असे ड्रम हुडकून पोलिसांना कळवतं. या मंडळाची सचिव अन्नपूर्णा आहे.

एप्रिलच्या एका दुपारी ती मंडळाच्या बैठकीतून आली ती तणतणतच. आपल्याच गल्लीत कोणीतरी सडवा लावलाय, अकरा बायकांना वास आला, लाज नाही मेल्याला. मी म्हणालो, लाज नाहीच. विश्वास ठेवा, माझ्या मनात ड्रम आलाच नाही. रोज झाकण उघडून हुंगत असल्यामुळे माझं नाक त्या वासाला इतकं सरावलं होतं की मला तो वासच वाटत नव्हता. माझा संशय सरळ बंडूजींवर गेला. निवृत्त माणूस, दुपारी डोळे लाल. म्हणून तक्रार कशी लिहायची हे अन्नपूर्णेने विचारलं तेव्हा मी म्हणालो, नुसत्या तक्रारीने काय होतं, नकाशा पाहिजे.

आणि मी नकाशा काढला. कोणत्या घरी किती वास आला ते अकरा बायकांना विचारून घेतलं, कमी वासाला विरळ रेघा, जास्त वासाला दाट रेघा, असा सगळा वॉर्ड भरला. दाट रेघांचं केंद्र आमचं घर आणि बंडूजींचं घर यांच्या मधे आलं. मी वाऱ्याची दिशा धरून ते बंडूजींकडे चार फूट सरकवणार होतो, पण आरेखकाचा धर्म आड आला. जसं आलं तसं ठेवलं. खाली सुवाच्य अक्षरात सूची लिहिली. अन्नपूर्णेने सही केली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या कामाचं कौतुक केलं.

डोहाळजेवण मेच्या दुसऱ्या रविवारी होतं. सातातली पाच फळं तोवर गळली होती किंवा खारीने नेली होती. दोन राहिली होती, पण अशी लालजर्द की पाहत बसावं. प्रभाकरराव आणि विहीणबाई सकाळच्या गाडीने आले. उन्हाने दोघं पार हैराण झाले होते, पण प्रभाकररावांनी हातपाय धुतले आणि म्हणाले, चला श्रावणराव, बाग दाखवा. मी म्हणालो, आधी सोलकढी, मग बाग. घरात वर्षाली हिरवी साडी नेसून फुलांच्या दागिन्यांत बसली होती, गल्लीतल्या बायका ओटी भरत होत्या. मी मागे जाऊन दोन्ही फळं तोडली, हात धुवायचे म्हणून ड्रमच्या झाकणावर ठेवली. तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली.

हवालदार मोतीलाल दोन शिपायांसह आत आले. त्यांच्या हातात माझा नकाशा होता.

"नकाशा लय झकास आहे," ते म्हणाले. "कोनं काढला?"

"मी," मी म्हणालो. सांगायला शरम वाटते, पण छाती थोडी फुगलीच.

मोतीलाल नकाशा समोर धरून, पावलं मोजत, न्हाणीघराच्या मागे गेले. एकही पाऊल चुकलं नाही. ड्रमसमोर थांबून त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की इतक्या वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या घराचा रस्ता काढून देणारा आरोपी त्यांना पहिल्यांदाच भेटला असावा. फळं त्यांनी बाजूला ठेवली आणि झाकण उचललं. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो की आत अडतीस दिवसांची सडलेली मासळी होती आणि घरात ओटी भरणाऱ्या बायका पदर नाकाला लावून अंगणात आल्या. सगळ्यांच्या पुढे मंडळाच्या सचिव.

अन्नपूर्णेने नाकावरचा पदर काढला. ड्रमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिच्यामागे वर्षाली उभी होती, फुलांचे बाजूबंद घातलेली, आणि तिचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मला पहिल्यांदा, खरोखर पहिल्यांदा, वाटलं की मी किती मूर्ख माणूस आहे.

मी मोतीलालना सांगितलं की हे मासळीचं खत आहे. ते म्हणाले, मासळीत गूळ कोण घालतं. मग त्यांनी फळांकडे बोट दाखवलं.

"हे काय आहे?"

"कोकम."

"कोकम आपल्या इकडं होत नाई."

"झालं आहे ना."

"मंग तं मामला जास्तच संशयास्पद आहे," मोतीलाल म्हणाले आणि दोन्ही फळं पाकिटात घालून लाख लावली. पंचनाम्यात लिहिलं: कोकम, नग दोन.

पंच व्हायला बंडूजी आनंदाने तयार झाले. दुसरा पंच कोणी होईना. तेव्हा प्रभाकरराव पुढे आले. त्यांनी ड्रममध्ये तोंड घालून, अत्तराचा फाया हुंगावा तसा दीर्घ श्वास घेतला. "मासळीच आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे माडांना घालतात. पण गोड्या पाण्यातली दिसते." मोतीलालनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. तरी नमुना तपासणीला पाठवावाच लागणार होता आणि माझा जबाबही ठाण्यातच होणार होता. नव्या व्याह्यांसमोर, मुलीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी, मी जीपमध्ये बसलो. माझ्या शेजारी प्रभाकरराव येऊन बसले. मी म्हणालो, तुम्ही कशाला, या उन्हात. ते म्हणाले, पाहुण्याने एकट्याने जेवायचं नसतं.

ठाण्यात तीन तास गेले. परत आलो तेव्हा पंगती उठल्या होत्या. सोलकढीचं नाव कोणी काढलं नाही. वर्षाली माझ्याशी चार दिवस बोलली नाही, अन्नपूर्णा अकरा. तिने मंडळाच्या सचिवपदाचा राजीनामाही दिला होता, पण बायकांनी तो घेतला नाही; स्वतःच्या नवऱ्याला धरून देणारी सचिव त्यांना परत कुठे मिळणार होती.

जुलैत अहवाल आला. नमुन्यात मद्यार्क नाही, कोणतंही रासायनिक द्रव्य नाही. समीक्षा मॅडमकडून जो दाखला मिळाला नव्हता तो मला असा मिळाला. ड्रम केव्हाच ओतून टाकला होता, पण उरलेला मुद्देमाल घेऊन जावा असं पत्रात लिहिलं होतं. त्यासाठी अर्ज, ओळखपत्राच्या दोन प्रती आणि फळं माझीच असल्याचं प्रतिज्ञापत्र लागलं. मोतीलालनी पाकीट दिलं आणि म्हणाले, "दोनदा मोजून घ्या, मंग सही करजा."

ऑगस्टमध्ये नातीचं बारसं. व्याही-विहीणबाई पुन्हा आले. मी पाकीट त्यांच्यासमोरच फोडलं. ठाण्याच्या पत्र्याच्या खोलीत वर्ध्याचा मे आणि जून काढून फळं वाळून काळीभोर झाली होती. प्रभाकररावांनी एक नखाने टोचून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, बुरशीचा ठिपका नाही हो, आमसूल झालंय याचं. विहीणबाई नारळ घेऊनच आल्या होत्या. त्यांनी स्वतः कढी केली. दोन आमसुलांची होऊन होऊन किती होणार, एक पेला झाली. पण रंग असा की बायका बाळ सोडून पेला पाहायला आल्या.

मी तो पेला दोन्ही हातांनी व्याह्यांपुढे धरला. अडीच वर्षं मी या एका घोटासाठी काढली होती आणि त्यानंतर ते काय म्हणतील ते मी रोज वेगवेगळ्या शब्दांत ऐकलं होतं. प्रभाकररावांनी पेला घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तो अन्नपूर्णेपुढे केला.

"वहिनी, यांचा हा उद्योग तुम्ही सोसलात. पहिला मान तुमचा."

रीत अशी आहे की यावर तिने नको म्हणावं, त्यांनी आग्रह करावा, तिने एक घोट घ्यावा आणि पेला परत द्यावा. पण ती पहाटेपासून चुलीपुढे होती, चाळीस पानांचा स्वयंपाक झाला होता. तिने पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. मी पुढे केलेला हात तसाच राहिला.

सगळे तिच्याकडे पाहत होते. तिने पदराने ओठ पुसले. "चांगली आहे," ती म्हणाली. "पन आपलं ताक काय वाईट होतं? मले तं ताकच बरं लागते."

प्रभाकरराव मोठ्याने हसले आणि म्हणाले, मग मलाही ताकच द्या. अन्नपूर्णेने माठातलं ताक आणलं, सांबार चुरडून घातलेलं, वर जिऱ्याची फोडणी. त्यांनी एक ग्लास घेतला. दुसरा मागून घेतला. मग रिकामा ग्लास मांडीवर ठेवून, डोळे मिटून, अगदी मनापासून म्हणाले, "असं आमच्याकडे होत नाही हो."

मी ते ऐकलं. शब्द न्‌ शब्द अडीच वर्षं मनात ऐकलेलाच होता, फक्त आला ताकाच्या वाट्याला. अन्नपूर्णा माझ्याकडे न पाहता म्हणाली की त्यात काय, ते तर रोजचंच आहे, आणि मला म्हणाली, उभे काऊन राह्यले, इवायाले आनखी ताक वाढा.

मी वाढलं.